दाद



‘दाद’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. मुशायऱ्यात एखादा शेर आवडला, की ऐकणारे ‘वाह वा’ म्हणतात, ‘मुकर्रर’ म्हणतात. शायराला दाद मिळते. मराठीतही गाण्याच्या मैफलीत श्रोते दाद देतात. पण या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. उर्दूत ‘दाद-फरियाद’ म्हणतात. मराठीत अन्याय झालेला माणूस कोर्टात ‘दाद मागतो’. फारसीतून आपल्या दोन्ही भाषांत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आहे न्याय. म्हणजे गाणाऱ्याला दाद देणे हे त्याला न्याय देणे आहे.

ही साधी गोष्ट मला उशिरा समजली. ती मला एका न्हाव्याने शिकवली. हा न्हावी खराखुरा नाही. इटालियन भाषेतल्या एका विनोदी संगीत नाटकातले ते पात्र आहे. त्याची ओळख मी तुम्हांला करून देणार आहे. पण त्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

मी आठवीत होतो. शाळेचे स्नेहसंमेलन होते. आमच्या वर्गातला एक मुलगा छान गात असे. त्या दिवशी तो रंगमंचावर आला आणि त्याने गाणे सुरू केले. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, हे तुम्हांला माहीत आहे. वरच्या सुरावर गेल्यावर त्याचा आवाज एकदम चिरकला. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी कोंबड्यासारखी बांग दिली. सारे सभागृह हसले. त्या मुलाने गाणे पुन्हा सुरू केले. आवाज पुन्हा चिरकला. मग तो खाली मान घालून निघून गेला. त्यानंतर शाळेच्या एकाही कार्यक्रमात तो गायला नाही.

ती बांग मी दिली होती. त्या दिवशी मित्रांनी माझी पाठ थोपटली. मला वाटले, आपण मोठी गंमत केली.

पुढे दोन वर्षांनी आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहायला आले. ते मूळचे गोव्याचे. त्यांनी आयुष्यभर व्हायोलिन वाजवले होते. आम्ही सर्व मुले त्यांना अंकल म्हणत असू. त्यांच्या खोलीत एक जुना रेकॉर्ड प्लेअर होता आणि भिंतीला लागून रेकॉर्डच्या थप्प्या होत्या. एका दुपारी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र मागायला गेलो. तेव्हा एक रेकॉर्ड वाजत होती. एक पुरुष मोठ्या उत्साहाने काहीतरी गात होता. गाता गाता त्याचा वेग वाढत गेला. शेवटी तर शब्द चुरमुऱ्यांसारखे उडू लागले. मला हसू आवरेना. मी म्हणालो, “अंकल, हा माणूस गातोय की भांडतोय?”

मला वाटले, ते रागावतील. पण त्यांनी शांतपणे सुई उचलली आणि म्हणाले, “हसलास ना? बरं झालं. हे गाणं हसण्यासाठीच आहे. पण मला एक सांग, तू त्याच्यामुळे हसलास की त्याला हसलास?”

मला उत्तर देता येईना. ते पुढे म्हणाले, “आता मी पुन्हा लावतो. तू नीट ऐक. या माणसानं श्वास कुठे घेतला, तेवढंच मला सांग.”

मी कान देऊन ऐकले. मला श्वासाची एकही जागा सापडली नाही. अंकलनी रेकॉर्ड तिसऱ्यांदा लावली. तेव्हा एक-दोन जागा सापडल्या. त्या इतक्या लहान होत्या, की सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसा श्वास त्यांतून गेला होता. मी स्वतः मनातल्या मनात तेवढ्या वेगाने नुसते ‘ला ला’ म्हणून पाहिले. मला दम लागला. मग मात्र मी हसलो नाही.

त्या नाटकाचे नाव ‘सेव्हिलचा न्हावी’. असे नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायले जाते. त्याला ऑपेरा म्हणतात. विनोदी ऑपेराला इटलीत ‘ओपेरा बुफ्फा’ असे नाव आहे. आपल्याकडेही गाणारी नाटके आहेत. अमानत लखनवी यांची ‘इंदरसभा’ आठवा, किंवा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली रंगभूमीवर आणलेले ‘संगीत शाकुंतल’ आठवा. पण ‘शाकुंतला’त पात्रे काही वेळ बोलतात आणि काही वेळ गातात. या इटालियन नाटकात संवादही सुरांतच म्हटले जातात. शिवाय रंगमंचासमोर मोठा वाद्यवृंद असतो. गायकांपुढे ध्वनिक्षेपक नसतो. इतक्या वाद्यांच्या वरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे, हे गायकाचे काम.

नाटकाची गोष्ट सोपी आहे. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात बार्तोलो नावाचा एक म्हातारा डॉक्टर राहतो. रोझिना ही तरुण मुलगी त्याच्या देखरेखीखाली आहे. तिच्या पैशांवर डोळा ठेवून बार्तोलोला तिच्याशी लग्न करायचे आहे. म्हणून तो तिला घरात कोंडून ठेवतो. अल्माविवा नावाच्या तरुण सरदाराचे तिच्यावर प्रेम आहे. त्याला त्या घरात शिरायचे आहे. त्याच्या मदतीला येतो फिगारो. हा शहराचा न्हावी. तो दाढी करतो, केस कापतो, चिठ्ठ्या पोचवतो, लग्ने जमवतो. असा हा हरकाम्या माणूस आहे. मी ज्याला हसलो, तो हाच फिगारो. सगळे शहर आपल्याला कसे हाका मारते, हे तो त्या गाण्यात सांगत असतो. इकडून हाक येते, तिकडून हाक येते, आणि त्याला क्षणाचीही उसंत नसते. म्हणून गाण्यालाही उसंत नाही! ते गाणे भांडणासारखे का वाटले, हे मला तेव्हा कळले. गायक गडबडला नव्हता. तो गडबडीत असलेला माणूस दाखवत होता, आणि तेही ताल न सोडता.

मित्रांनो, विनोदी गाणे ऐकताना आपण इथेच फसतो. दुःखाचे गाणे ऐकून डोळ्यांत पाणी आले, की आपण गायकाला मोठा म्हणतो. हसवणाऱ्या गायकाकडे मात्र आपण थोडे हलकेच पाहतो. खरे तर त्याला दोन कामे एकाच वेळी करायची असतात. पात्र धांदल करत असते, पण गायकाला धांदल करून चालत नाही.

याचे एक छान उदाहरण या नाटकाच्या दुसऱ्या अंकात आहे. अल्माविवा संगीतशिक्षकाचा वेष घेऊन बार्तोलोच्या घरात शिरतो. आत आल्यावर तो आपल्या यजमानाला सुख-शांतीचा आशीर्वाद देऊ लागतो. एकदा देतो, दोनदा देतो, पुन्हा पुन्हा देतो. म्हातारा वैतागतो, तरी याचे चालूच. हे सारे पुष्कळ गायक नाकात गातात. नाकातला तो आवाज ऐकून प्रेक्षक हसतात. पण नीट ऐकले, तर सूर कुठेही हललेला नसतो. बेसूर वाटेल असे सुरात गाणे किती अवघड असेल, याचा विचार करा.

म्हातारा बार्तोलोही असाच. त्याला एक मोठे गाणे आहे. त्यात तो रोझिनाला दरडावतो. ‘माझ्यासारख्या हुशार डॉक्टरला फसवतेस काय?’ असा त्याचा सूर असतो. गाणे संथपणे सुरू होते आणि मग एकदम धावू लागते. जाड, खर्जातला आवाज आणि त्यातून शब्दांची सरबत्ती! पूर्वी मला वाटे, की विनोदी पात्राने तोंडे वेडीवाकडी केली पाहिजेत. अंकल म्हणत, “वाईट बार्तोलो लोकांना हसवायला बघतो. चांगला बार्तोलो खरंच रागावतो.” हे अगदी खरे आहे. बार्तोलोला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नसते. तो स्वतःला फार मोठा समजतो. गायकाने हे शेवटपर्यंत विसरता कामा नये.

बार्तोलोचा सल्लागार बाझिलिओ हा रोझिनाचा गाण्याचा शिक्षक आहे. अल्माविवाला शहरातून घालवायचा त्याचा उपाय एकच आहे, तो म्हणजे खोटी बदनामी. ही बदनामी कशी पसरते, ते तो गाऊन सांगतो. आधी ती झुळकीसारखी हलकी असते. कोणाच्या कानाला लागते, न लागते. मग या तोंडातून त्या तोंडात जाते, फुगते, वाढते, आणि शेवटी तोफेसारखी धडाडते. ज्याच्यावर ती कोसळते, तो बिचारा निरपराध माणूस संपून जातो. संगीतही तसेच चालते. सुरुवातीला वाद्ये कुजबुजतात. मग आवाज एकेक पायरी चढतो. चांगला गायक सुरुवातीला घाई करत नाही. तो आपला मोठा आवाज झाकून ठेवतो आणि तोफेच्या क्षणी मोकळा सोडतो. मी हे गाणे पहिल्यांदा समजून ऐकले, तेव्हा मला हसू आले आणि थोडी भीतीही वाटली. मागच्या रांगेतून दिलेली एक बांग मला आठवली. तीही आधी लहानच होती.

आता रोझिनाविषयी सांगतो. ती पहिल्यांदा एकटी असते, तेव्हा एक पद गाते. मी किती आज्ञाधारक, किती शांत, किती गोड, असे ती स्वतःचे वर्णन करते. सूर अगदी मधाळ असतो. आणि मग एक छोटासा शब्द येतो, ‘मा’. इटालियनमध्ये ‘मा’ म्हणजे मराठीतले ‘पण’, तुमच्या उर्दूतले ‘मगर’. ‘मगर’ कोणी माझ्या वाटेला गेले, तर मी नागीण होईन आणि शंभर युक्त्या लढवीन, असे ती पुढे सांगते. त्या एका शब्दात सारी रोझिना आहे. अंकलकडची रेकॉर्ड १९५७ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेली होती. तीत फिगारो होता तीतो गोब्बी, आणि रोझिना होती प्रसिद्ध गायिका मारिया कॅलस. तिने तो ‘मा’ असा उच्चारला आहे, की मांजरीने मऊ पंजातून हळूच नख बाहेर काढावे. भाषा येत नसली, तरी तो ‘मगर’ कळतो. पुढे ताना सुरू होतात. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. प्रत्येक तानेत रोझिनाची एकेक युक्ती चमकते.

याच कॅलसने आदल्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात रोझिनाची भूमिका केली होती. तेव्हा तिच्यावर टीका झाली होती. अभिनय फार भडक झाला, असे म्हटले गेले. ती गप्प बसली असती, तर हा ‘मा’ आपल्याला ऐकायला मिळाला नसता. तिची पुढच्या वर्षीची रेकॉर्ड मात्र जगभर नावाजली गेली.

पण खुद्द या नाटकाची कहाणी याहून नवलाची आहे. त्याचा संगीतकार जोआकिनो रोसिनी. त्याने हे संगीत काही आठवड्यांतच लिहिले. तेव्हा तो चोवीस वर्षांचाही नव्हता. याच गोष्टीवर पाइझिएल्लो या ज्येष्ठ संगीतकाराचा ऑपेरा आधीच होता. तो १७८२ साली रंगभूमीवर आला होता आणि लोकांचा आवडता होता. रोसिनीने आदर म्हणून आपल्या नाटकाचे नावही वेगळे ठेवले होते. तरीही पाइझिएल्लोच्या चाहत्यांना राग आला. या पोराने आमच्या उस्तादाच्या गोष्टीला हात लावला, असे त्यांना वाटले.

२० फेब्रुवारी १८१६ रोजी रोममधल्या आर्जेंटिना नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. प्रेक्षक आधीच निकाल ठरवून आले होते. त्या रात्रीच्या अनेक हकिकती सांगतात. म्हणे अल्माविवा झालेल्या गायकाच्या गिटारची तार तुटली. बाझिलिओ झालेला गायक रंगमंचावर आपटला आणि त्याला नाकातून वाहणारे रक्त पुसत गावे लागले. भर प्रयोगात एक मांजर रंगमंचावर आले आणि लोक त्याच्यासारखे ‘म्याँव म्याँव’ ओरडू लागले. शिट्या आणि आरडाओरडा यांत गाणी बुडून गेली. रोसिनी वाद्यवृंदात बसला होता. आपल्या गायकांसाठी त्याने स्वतः उभे राहून टाळ्या वाजवल्या, असे सांगतात. त्यामुळे लोक आणखीच चिडले.

दुसऱ्या रात्री रोसिनी नाट्यगृहाकडे फिरकलाच नाही. तो घरीच राहिला. रात्री रस्त्यावर मोठा गलका झाला. लोक मशाली घेऊन त्याच्या घराकडे येत होते. ते आपल्याला मारायला आले, असे त्याला वाटले, म्हणतात. पण ते त्याचा जयजयकार करायला आले होते! तेच गायक होते, तेच नाटक होते, जवळजवळ तेच संगीत होते. मग एका रात्रीत काय बदलले? दुसऱ्या रात्री लोकांनी ऐकले, एवढेच.

ही हकिकत अंकलनी मला सांगितली, तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. पहिल्या रात्री ‘म्याँव’ करणाऱ्यांत मीही होतो, असे मला वाटले. मला ते गायक आठवत राहिले. पहिल्या रात्री रोझिना झाली होती जेलत्रूदे रिघेत्ती-जोर्जी. एवढ्या गोंधळानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पुन्हा वेष चढवला, पुन्हा रंगमंचावर पाऊल टाकले. तिचे धैर्य मोठे, आणि तिचे नशीबही चांगले, की तिला दुसरी रात्र मिळाली. आमच्या वर्गातल्या त्या मुलाला दुसरी रात्र मिळाली नाही. ती मी हिरावून घेतली.

काही वर्षांनी तो मला बाजारात भेटला. आम्ही इकडचे तिकडचे बोललो. मी शेवटी धीर करून विचारले, “अजून गातोस का?” तो हसून म्हणाला, “छे रे, ते तेव्हाच सुटलं.” त्याने मला ओळख दिली, चहा पाजला. बांग कोणी दिली होती, हे त्याला माहीत होते की नाही, कोण जाणे. माझ्या ओठांवर आलेली माफी ओठांवरच राहिली. ती आज मी तुमच्यासमोर मागतो आहे.

मित्रांनो, आज हे नाटक ऐकण्यासाठी जुन्या रेकॉर्डची गरज नाही. घरातल्या मोबाइलवरही ते ऐकता आणि पाहता येते. कधी ऐकलेत, तर मी सांगतो तसे करून पाहा. आधी गोष्ट माहीत करून घ्या. मग एकेका पात्राकडे लक्ष द्या. हा माणूस कसा आहे आणि गायक ते आवाजातून कसे दाखवतो, हे पाहा. त्याने श्वास कुठे घेतला, ते शोधा. धावताना ताल सुटला का, ओरडताना सूर सुटला का, हे ऐका. दुसऱ्या अंकात एक प्रसंग आहे. खरा बाझिलिओ नको त्या वेळी येऊन टपकतो. अल्माविवा त्याच्या हातात पैशांची थैली ठेवतो, आणि सगळेजण त्याला ‘तू आजारी आहेस, घरी जाऊन झोप’ असे पटवतात. मग सारे मिळून अतिशय गोड सुरांत त्याला शुभरात्री म्हणतात. पाच जण गात असतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळे असते. पाच माणसे एकदम बोलली, तर नुसता गोंगाट होईल. इथे मात्र पाचही मने वेगवेगळी ऐकू येतात, आणि ताल एकच राहतो. तिथे थोडे थांबा. कोणता आवाज कोणाचा, हे ओळखता आले, की तुम्ही रसिक झालात.

आणि एक करा. पहिल्यांदा ऐकून हसू आले, तर खुशाल हसा. पण निकाल देण्याआधी पुन्हा एकदा ऐका. मी इटालियन शिकलो नाही. तुम्ही मराठी शिकत आहात, तेव्हा परकी भाषा पहिल्यांदा कानावर पडली की कशी वाटते, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. आधी तो नुसता आवाज असतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यातून माणूस बोलू लागतो. गाण्याचेही तसेच आहे.

तुमच्या शाळेतही स्नेहसंमेलन होत असेल. कोणीतरी मुलगा किंवा मुलगी थरथरत्या पायांनी पुढे येईल. कदाचित त्याचा सूर हलेल, कदाचित तिचा आवाज चिरकेल. मागच्या रांगेत कोणाला तरी गंमत सुचेल. त्या वेळी तुम्ही दोन्ही हात वर करून टाळी वाजवा. ती टाळी म्हणजे त्या गाणाऱ्याला मिळालेली दुसरी रात्र असेल. दाद म्हणजे न्याय, आणि तो देणे तुमच्या हातात आहे.